शिलेदाराचं शिंगरू

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं. पुढच्या पायावरून हात खाली नेत गेलं की बोटांना आधी नळीचं हाड लागतं, मग त्यामागच्या दोरखंडासारख्या ताणलेल्या कंडरा, मग सांधा आणि शेवटी खूर. या सगळ्यावर पांघरूण असतं ते फक्त कातडीचं. तीनशे-चारशे किलोचं जनावर असल्या चार पायांवर उभं असतं आणि त्यातला साठेक टक्के भार पुढचे दोन पायच पेलतात. गुडघ्याखाली रक्तपुरवठाही बेताचाच. म्हणून खांद्यावर किंवा छातीवर वीतभर फाटलेली कातडी नीट टाके घातले तर भरून येते. सांध्याजवळ खिळ्याने पडलेलं बारीकसं भोक मात्र जनावराला कायमचं लंगडं करू शकतं, प्रसंगी जिवावरही बेततं. मोठी जखम पाहून माणूस घाबरतो आणि भोकाकडे दुर्लक्ष करतो. घोड्याच्या बाबतीत कित्येकदा याच्या उलट वागायला हवं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोडेबाजार. मारवाडी, काठेवाडी, उत्तरेकडून आलेले पांढरेशुभ्र नुकरे असे घोडे रांगेने बांधलेले असतात. गिऱ्हाईक दात पाहून वय ठरवतं, अंगावरच्या भोवऱ्या तपासतं, मारवाडीच्या कानांची टोकं जुळतात का ते बघतं आणि चाल पाहायला बछेरा दोन-चारदा पळवून घेतं. भोवरी शुभ की अशुभ यावर तासभर वाद रंगतो. खरेदीच्या बोलण्यात एक प्रश्न सहसा येत नाही. दोन वर्षांच्या या पोराचा पाय उद्या दुखावला तर पुढचे सहा महिने त्याला कोण पोसणार आणि डॉक्टरचं बिल कोण भरणार?

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार हा फरक याच मुद्द्यावर होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, म्हणून घोडा पडला तर तोटा सरकारचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. त्याचा घोडा निकामी झाला की त्याच्या रोजगाराचं साधनच जाई. आज माथेरानला पर्यटकांना फिरवणारा अश्वपाल, वरातीला घोडी देणारा, हौसेने एखादं शिंगरू वाढवणारा शेतकरी हे सगळे शिलेदारच आहेत. घोडा त्यांचा, कर्जही त्यांचं आणि मोडलेला पायही त्यांच्याच वाट्याचा.

पैसा असला म्हणजे घोड्याचा पाय वाचतोच, असंही नाही. जगातल्या सर्वांत गाजलेल्या घोड्याच्या दुखापतीने हे दाखवून दिलं.

२० मे २००६. अमेरिकेत बाल्टिमोरच्या पिम्लिको रेसकोर्सवर प्रीकनेस स्टेक्सची शर्यत होती. दोनच आठवड्यांपूर्वी केंटकी डर्बी साडेसहा लांबींनी जिंकलेला बार्बारो तिथे सगळ्यांचा आवडता होता. वय तीन वर्षं तीन आठवडे. शर्यत सुरू होण्याआधीच तो एकदा गेट ढकलून बाहेर पडला. त्याला परत आणून उभा केला. शर्यत सुरू झाली आणि पहिल्या काही शे यार्डांतच जॉकी एडगर प्राडोने लगाम खेचला, खाली उडी टाकली आणि घोड्याला सावरून धरलं. बार्बारोचा मागचा उजवा पाय टेकत नव्हता. नळीचं हाड मोडलं होतं, खुराच्या वरचा सांधा निखळला होता आणि त्याखालच्या आखूड हाडाचे वीसहून अधिक तुकडे झाले होते.

सर्वसाधारण घोड्याला अशा वेळी जागेवरच शांतपणे मरण दिलं जातं. बार्बारोचे मालक रॉय आणि ग्रेचेन जॅक्सन यांनी उपचार करायचं ठरवलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या घोड्यांच्या रुग्णालयात दुसऱ्या दिवशी डॉ. डीन रिचर्डसन यांनी सुमारे पाच तास शस्त्रक्रिया केली. धातूची पट्टी बसवली, दोन डझनांच्या आसपास स्क्रू घातले. शस्त्रक्रिया मनासारखी झाली, तरी जगण्याची शक्यता निम्मीच असल्याचं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली धास्ती घोडा जागा होण्याची असते. यामागे एक जुनी, फार दुःखाची गोष्ट आहे. ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर रफियन नावाच्या तीन वर्षांच्या घोडीचा पुढचा उजवा पाय धावता धावता मोडला. तोवर ती एकही शर्यत हरली नव्हती. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. पण भुलीतून जागी होताना ती आडवी पडल्या पडल्या धावू लागली, जणू शर्यत अजून संपलीच नव्हती. त्या धडपडीत नुकताच बांधलेला पाय पुन्हा निकामी झाला आणि तिला मरण द्यावं लागलं. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. शुद्धीवर येताच उठून पळायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. म्हणून न्यू बोल्टनमध्ये कोमट पाण्याचा हौद बांधलेला होता. बेशुद्ध बार्बारोला झोळीत घालून त्या पाण्यातल्या तराफ्यात उतरवलं. चारही पाय रबरी पिशव्यांत, पाण्याखाली. जाग आल्यावर त्याने कितीही लाथा झाडल्या तरी पाय कशावर आपटणार नव्हते. रफियनच्या बाबतीत झालं ते तीन दशकांनी बार्बारोच्या बाबतीत टळलं.

पाय जुळूही लागला. पण जुलैमध्ये मागच्या डाव्या, म्हणजे न मोडलेल्या पायाने दगा दिला. दुखऱ्या पायाचा भार वाचवण्यासाठी घोडा दुसऱ्या पायावर रेलून उभा राहतो. खुराच्या कवचाच्या आत हाडाला धरून ठेवणाऱ्या नाजूक पापुद्र्यांचा रक्तपुरवठा त्यामुळे बिघडतो, ते सुजतात आणि सुटू लागतात. यालाच लॅमिनायटिस म्हणतात. बार्बारोच्या त्या खुराचं सुमारे ऐंशी टक्के कवच काढावं लागलं. शरद ऋतूत तो थोडा सावरला, पण पुढे उरलेल्या पायांनाही त्रास सुरू झाला. २९ जानेवारी २००७ रोजी त्याला निरोप देण्यात आला. आठ महिने नऊ दिवस जगातल्या उत्तम डॉक्टरांनी त्याची सेवा केली होती. त्याच्या नावाने लॅमिनायटिसच्या संशोधनासाठी निधी उभा राहिला, ही त्यातून निघालेली खरी मिळकत.

बार्बारोच्या गोष्टीतून आपल्याकडच्या घोडेवाल्याने घ्यावं असं काय आहे? तसला हौद आणि तसले स्क्रू त्याच्या आवाक्यातले नाहीत. पण मोडलेला पाय जुळत असताना चांगल्या पायाकडे रोज बघायचं, हे ज्ञान फुकट आहे. खुरावर तळहात ठेवून तो नेहमीपेक्षा गरम आहे का ते पाहता येतं. खुराच्या वरच्या सांध्यामागे, बाजूला, दोन बोटं हलकेच दाबली की नाडी लागते. निरोगी पायात ती जेमतेम जाणवते. खुरात दाह सुरू झाला की बोटाखाली ठकठक उडते. सकाळी चंदी घालण्याआधी चारही पायांची अशी तपासणी करायला दोन मिनिटं पुरतात. या दोन मिनिटांनी जेवढे घोडे वाचतील तेवढे महागड्या औषधांनी वाचणार नाहीत.

कोवळ्या घोड्याची तऱ्हा आणखी निराळी. शिंगराचं वजन कमी आणि हाड जुळण्याचा वेग जास्त, ही जमेची बाजू. पण लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढीची पट्टी असते. गुडघ्याच्या वरची पट्टी पक्की व्हायला अडीच वर्षांच्या आसपास लागतात, पाठीच्या मणक्यांना पाच वर्षं किंवा त्याहून जास्त. त्या पट्टीलाच मार बसला तर हाड जुळतं, पण पाय वाकडा वाढण्याची भीती राहते. शिंगराचा पाय फार दिवस प्लास्टरमध्ये राहिला तर आतल्या कंडरा ढिल्या पडतात, आणि भार पेलणारा दुसऱ्या बाजूचा पाय वाकू लागतो. म्हणून शिंगराच्या पायाला प्लास्टर घालून महिनाभर विसरून जाता येत नाही. डॉक्टरच्या खेपा वाढतात आणि त्याबरोबर बिलही.

यातल्या अनेक दुखापती टाळता येण्याजोग्या असतात, हे इथे स्पष्ट म्हणायला हवं. दोन वर्षांच्या बछेऱ्याला मागच्या दोन पायांवर उभं राहायला आणि ढोलाच्या तालावर नाचायला शिकवलं जातं. लग्नसराई गाठायची म्हणून त्याच वयात पाठीवर माणूस बसवला जातो. वरून पाहता बछेरा भरलेला, उंचापुरा दिसतो. आतलं हाड अजून पोराचंच असतं. एक हंगाम लवकर कमावण्याच्या नादात पुढची पंधरा वर्षं पणाला लावणं हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

आता बिल. घोड्याच्या उपचाराचा खर्च इतका का होतो हे समजायला तीनशे किलोचं साधं टट्टू घ्यावं. जखमेत संसर्ग झाला तर प्रोकेन पेनिसिलिन हे जुनं, स्वस्त औषध आजही वापरतात. त्याचं प्रचलित प्रमाण किलोमागे २२ हजार युनिट, दिवसातून दोनदा. म्हणजे एका वेळेला ६६ लाख आणि दिवसाला १ कोटी ३२ लाख युनिट. माणसासाठीची कुपी चार लाख युनिटांची येते. त्या हिशेबाने दिवसाला ३३ कुप्या झाल्या. जनावरांच्या कुप्या मोठ्या असतात म्हणून प्रत्यक्षात एवढ्या फोडाव्या लागत नाहीत, पण प्रमाणाची कल्पना यावी. सलाइनचं तसंच. जनावर खात-पीत नसेल तर रोजची गरज किलोमागे किमान ५० मिलिलिटर, म्हणजे १५ लिटर. अर्ध्या लिटरच्या तीस बाटल्या एका दिवसाला. त्यात बँडेज. ते एका पायाला बांधून भागत नाही, भार घेणाऱ्या जोडीच्या पायालाही आधाराचं बँडेज लागतं, आणि दोन्ही वरचेवर बदलावी लागतात.

आणि हे सगळं झाल्यावरही मोठा आकडा पुढेच असतो. कंडरा दुखावली तर घोडा पूर्ववत व्हायला नऊ महिने ते वर्ष जातं. त्या काळात तो कमावत नाही, पण खातो. वजनाच्या दोन टक्के धरला तरी तीनशे किलोच्या जनावराला रोज सहा किलो कोरडा चारा लागतो. सहा महिन्यांत एक टनाहून जास्त. डॉक्टरचं बिल एकदा येतं, कडब्याचं रोज येतं. ज्या घरात त्याच घोड्याच्या मिळकतीवर चूल पेटते तिथे अर्धवट बरा झालेला घोडा पुन्हा कामाला का जुंपला जातो, याचं उत्तर या एका टनात आहे. त्या माणसाला निर्दय म्हणण्याआधी हा हिशेब त्याच्या जागी बसून करावा.

मायेपोटी होणारी एक चूक मात्र खर्च वाढवते. पोर आजारी आहे म्हणून त्याला हरभरा जास्त घातला जातो. बांधून ठेवलेल्या घोड्याला तीच चंदी घातक ठरते. काम नाही आणि धान्य भरपूर, म्हणजे पोटशूळ आणि लॅमिनायटिस या दोघांना आवतण. विश्रांतीत धान्य कमी करायचं आणि चांगला वाळला चारा समोर ठेवायचा, हा साधा नियम आहे.

पहिल्या तासाचंही तसंच. पाय लुळा लटकत असेल किंवा घोडा तो टेकतच नसेल तर त्याला एक पाऊलही चालवू नये. जागेवरच उभं ठेवून, जाड गादी गुंडाळून, वर-खाली दोन्ही सांधे धरले जातील अशी फळी बांधावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरावं. जखम मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने धुवावी. हळद, राख, गाडीचं जळकं ऑइल यातलं काहीही लावू नये. डॉक्टरला जखम दिसत नाही आणि ती साफ करण्यात वेळ जातो. तळव्यात खिळा घुसला असेल तर शक्यतो तो उपटू नये. किती खोल आणि कोणत्या दिशेने गेलाय हे एक्स-रेत दिसायला तो तिथेच असावा लागतो. आणि धनुर्वात. घोडा या रोगाला फार हळवा. धनुर्वाताची लस इतर खर्चाच्या मानाने अगदीच किरकोळ, आणि ती न दिल्यामुळे जाणारा घोडा हा केवळ हलगर्जीपणाचा बळी.

पण डॉक्टर कुठे आहे? २०१२च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे-टट्टू होते. २०१९मध्ये ते साडेतीन लाखांच्याही खाली आले. घोडे कमी झाले की घोड्यांवर हात बसलेले डॉक्टरही कमी होतात. मुंबई आणि पुण्यात रेसकोर्समुळे तज्ज्ञ आहेत. परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी मागवता येते, आणि हा क्रमांक प्रत्येक घोडेवाल्याच्या फोनमध्ये असायलाच हवा. पण मोडलेल्या नळीची शस्त्रक्रिया त्या गाडीत होत नाही. शहाद्याच्या शेतकऱ्याने मोडक्या पायाचा बछेरा टेंपोत घालून कुठवर न्यायचा?

माथेरानचंच बघा. मुंबईपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, आत मोटारींना बंदी. साडेचारशेच्या वर परवानाधारक घोडे पर्यटक फिरवतात. इथल्या अश्वपालांनी रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकविरुद्ध लढा दिला तो पायांसाठीच. लोखंडी नाल मातीत रुतते, गुळगुळीत ब्लॉकवर घसरते आणि घसरलेला घोडा गुडघ्यावर आपटतो, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये ब्लॉक बसवायला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५मध्ये दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक बसवायला परवानगी मिळाली, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर मात्र नाही. रस्ता कशाचा असावा हा प्रश्न निदान न्यायालयापर्यंत पोचला. घोड्याच्या उपचाराचा प्रश्न कुठेच पोचलेला नाही.

विमा आहे, पण तो ज्या बाजूला हवा तिथे तोकडा पडतो. आपल्याकडचा पशुविमा मुख्यतः मृत्यूचा. कायमचं अपंगत्व पुष्कळदा जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. उपचाराचा खर्च सहसा त्यात नसतो. म्हणजे घोडा मेला तर पैसे, वाचवायचा प्रयत्न केला तर खिशातून. गरीब माणसाला ही व्यवस्था नेमकी चुकीच्या दिशेला ढकलते. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मृत्यूच्या विम्याला जोडून उपचार आणि शस्त्रक्रियेचं संरक्षण घेता येतं. दुखापत होताच कंपनीला कळवावं लागतं आणि मरण द्यायचं असल्यास आधी विचारावं लागतं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल करताना पशुपालकाचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला आणि घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या व्यवसायासाठीही अनुदान खुलं केलं. पाऊल चांगलंच आहे. त्यात उपचारखर्चाचं कलम घालणं हे पुढचं पाऊल, आणि ते सरकारला अशक्य नाही.

कायदाही असाच अर्धवट. जखमी जनावराला कामाला जुंपणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये.

आणि काही वेळा उपचार थांबवणं हाच उपचार असतो. मार्च २०१६मध्ये डेहराडूनला आंदोलनाच्या गोंधळात उत्तराखंड पोलिसांचा शक्तिमान घोडा जायबंदी झाला. तो कोवळा नव्हता, पण त्याच्यासाठी देशभरातून हात पुढे आले. महाराष्ट्रातूनही तज्ज्ञ गेले, पाय कापावा लागला, कृत्रिम पाय बसवला. महिनाभराने, २० एप्रिलला, तो गेला. हौशी मालकाला पहिल्या दिवशीच डॉक्टरला तीन प्रश्न विचारायचे असतात. बरा झाल्यावर तो वेदनेशिवाय चालू शकेल का? त्याला किती महिने बांधून ठेवावं लागेल? एकंदर खर्च किती, आणि कुठल्या टप्प्यावर थांबायचं? ही विचारपूस कोरडेपणाची नाही. आकडा आधी कळला तर माणूस कर्ज काढण्यापूर्वी विचार करतो, आणि अर्ध्यात पैसे संपले म्हणून उपचार सोडून देण्याची पाळी जनावरावर येत नाही.

भीमथडीच्या तट्टांवर ज्या मुलखाने आपला इतिहास घडवला, त्या मुलखात शिलेदाराला एकटं सोडणं शोभत नाही. यंदाही दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोडे उभे राहतील. पशुसंवर्धन विभागाने आणि यात्रेच्या आयोजकांनी तिथे एक तंबू टाकावा. त्यात फिरतं एक्स-रे यंत्र, धनुर्वाताची लस, विम्याचा एक माणूस आणि घोड्याची नाडी कशी पाहायची हे दाखवणारा एक डॉक्टर बसवावा. आणि घोडा घेणाऱ्याने सौदा झाल्यावर, बछेरा टेंपोत चढवण्याआधी, त्याला त्या तंबूत नेऊन आणावं.